पोटातला माल वजा जाता

४ जानेवारी, सकाळ

जाग आली ती आवाजाने. आवाज आजचा नाही, साठ वर्षांपूर्वीचा. चौथीचा वर्ग, शेवटचा तास, गुरुजी खिडकीपाशी पाठमोरे, आणि आम्ही पन्नासएक पोरं एका सुरात कविता म्हणतोय. ओळीचं शेवटचं अक्षर जड पेटी फरशीवरून ओढावी तसं ओढत न्यायचो. अर्थ एकालाही कळत नव्हता. तरी सूर कोणाचा चुकायचा नाही.

डोळे उघडले तर समोरच्या शाळेत तोच प्रकार चालू. सूर तोच, कविता नवी आणि सुमार. पण सूर तोच. हे घर घेतलं ते या गॅलरीसाठी. तिसरा मजला, लिफ्ट नाही, हे तेव्हा कोणाच्या लक्षात येतंय.

आता मुद्द्याचं. काल गुडघ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. उतरायला अर्धा तास लागला. चढण्याबद्दल लिहीत नाही. वजन शहाण्णव किलो. बाई म्हणाल्या, ६ एप्रिलला या, शहाऐंशीच्या आत असाल तर गुडघा बदलू. नसाल तर मी हात लावणार नाही.

चिरंजीवांचा फोन. त्याने परस्पर ठरवून टाकलंय. ऑपरेशन झालं तर उत्तम. नाही झालं तर हे घर विकायचं आणि आम्ही दोघांनी त्याच्याकडे तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत राहायला जायचं. ती खोली मी पाहिली आहे. खिडकीतून गॅरेजची भिंत दिसते. भिंतीला एकही कविता येत नाही.

दहा किलो, तीन महिने. चौतीस वर्षं मी वजनकाट्यावर मापाडी होतो. आयुष्यभर ट्रक तोलले, भरलेले आणि रिकामे. वजन ही गोष्ट मला कोणी शिकवू नये.

उद्यापासून सुरुवात. आज फक्त कालची साय संपवून टाकतो. घरात मोह शिल्लक नको.

५ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी परवा बरंच काही सांगितलं. त्यातलं महत्त्वाचं इथे टिपून ठेवतो, पुढे वादात उपयोगी पडेल. त्या म्हणाल्या, काही माणसांचं वजन जन्मतःच लवकर वाढतं. तेवढंच खाऊन एक फुगतो, दुसरा तसाच राहतो. मेटाबोलिझम वेगळा, जीन्स वेगळे, भूक वेगळी. यात त्या माणसाचा दोष नसतो.

पुढे त्या ‘पण’ म्हणाल्या. पणच्या पुढचं नीट ऐकू आलं नाही. बाहेर कोणीतरी खोकत होतं.

बायकोला सांगितलं, दोष नसतो असं बाई स्वतः म्हणाल्या. तर म्हणते, अहो, त्यापुढे त्या दहा मिनिटं बोलत होत्या, तेव्हा तुम्ही भिंतीवरच्या सांगाड्याकडे बघत होतात. खरं आहे. सांगाड्याला पाहून मन हळवं झालं होतं. किती हलका.

९ जानेवारी

घरात काटा आणला. म्हणजे बायकोने आणला, जिना चढून. काचेचा, पातळ, आकडे लाल. चौतीस वर्षं लोखंडी फळीवर काम केलेल्या माणसाला असल्या वस्तूकडे पाहून कीव येते. तरी रीतसर तपासला. साखरेचा पाच किलोचा न फोडलेला डबा ठेवला. चार किलो नऊशे ऐंशी. ठीक, वीस ग्रॅम माझ्या बाजूने बोलतोय.

डाएट सुरू. ताट बदललं. लहान ताटात माणूस कमी जेवतो असं वाचलंय. खरं आहे. तिन्ही वेळा कमीच वाढून घेतलं.

१३ जानेवारी

आज एक मोठी गोष्ट सुचली. इतकी साधी की डॉक्टर लोकांना सुचली नाही याचंच आश्चर्य.

काट्यावर ट्रक येतो तेव्हा दिसतं ते वजन ट्रकचं नसतं, मालाचंही नसतं. दोन्हींचं मिळून असतं. त्याला ग्रॉस म्हणतात. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन, म्हणजे टेअर, वजा केलं की उरतं ते नेट. खरं वजन नेट. ग्रॉसवर कोणी व्यवहार करत नाही, जगात कुठेही नाही.

आणि मला बाई ग्रॉसवर तोलताहेत.

आज सकाळचं ग्रॉस शहाण्णव सहाशे. वजा: पायजमा, बनियन, स्वेटर. वजा: चष्मा. वजा: कवळी. वजा: दोन कप चहा. वजा: रात्रीचं जेवण. हे कलम मी बराच वेळ विचार करून घातलं. पोटातलं अन्न अजून माझं झालेलं नसतं. ते वाटेत असतं. माल उतरवून घेतल्याशिवाय तो गोदामाच्या नावावर चढत नाही. तसंच हे.

नेट: ब्याण्णव शंभर. दहा दिवसांत जवळजवळ चार किलो. समाधान वाटलं. या समाधानात दोन बिस्किटं खाल्ली. तीही वाटेतच आहेत.

१८ जानेवारी

मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. त्याच्या घरातल्या फरश्या उखडून नव्या बसवताहेत, तोवर आमच्याकडे राहणार. मी त्याला मनातल्या मनात टाचणी म्हणतो. उभा राहिला तर दिसतो, आडवा वळला तर नाही. टपालखात्यात होता. माझ्याहून चार वर्षांनी लहान, आणि शर्ट अजून लग्नातला होतो.

दुपारी जेवायला बसला. सात बटाटे, लोण्यासकट. मी मोजले नाहीत, नजरेला पडले. वर हिने विचारलं, अजून घेतोस का रे. म्हणाला, ताई, तू म्हणतेस तर घेतो. मी म्हटलं, मलाही एक. तर म्हणते, तुमचं उकडलेलं गाजर आहे ना.

सात बटाटे खाऊन हा माणूस काडीसारखा. मी गाजराकडे नुसतं पाहिलं तरी कंबरेला लागतं. न्याय नावाची वस्तू जगात नाही. पण पुरावा म्हणून हा उत्तम माणूस आहे. याचा उपयोग करून घ्यायचा.

२२ जानेवारी

प्रयोग सुरू केला. विषय: एकच अन्न, दोन देह.

नियम असा की टाचणी जे जितकं खाईल ते तितकंच मी खायचं. शास्त्रासाठी. महिनाअखेर त्याचं वजन जागच्या जागी असणार, माझं थोडं वाढणार, आणि मग कागद घेऊन डॉक्टरीणबाईंपुढे बसायचं. बोला आता.

हिला पटलं नाही. म्हणाली, तुम्हाला वजन उतरवायचंय की वाद जिंकायचाय. मी म्हटलं, आधी वाद. पाया पक्का हवा.

आज दोघांनी: पाव, लोणी, अंडी, बटाटे, भात, केळी, परत भात. टाचणीला जेवताना आवड कशी ती नाही. इकडे तिकडे बघत खातो. मी मात्र मन लावून. पदार्थाला मान देऊन.

जेवल्यावर तो पीस उडावं तसा उठला आणि खाली दूध आणायला गेला. पिशवी विसरला. परत वर आला. परत खाली. दुधाबरोबर पेपर आणायचा राहिला, परत खाली. डोकं कुठे ठेवतो कोण जाणे. असल्या विसरभोळ्या माणसावर टपालखात्याने पत्रं कशी सोपवली.

मी गॅलरीत खुर्चीत बसून नोंदी केल्या.

२५ जानेवारी, दुपार

सुचलेल्या ओळी:

हलके व्हावे, पिसासम व्हावे,
वाऱ्यासंगे भिरभिर जावे…

पुढचं कडवं जेवणानंतर.

२६ जानेवारी

जेवणानंतर झोप लागली.

२९ जानेवारी

सापडलं. टाचणीचं गुपित सापडलं.

तो पाय हलवतो. खुर्चीत बसला की उजवा पाय सतत लटलट लटलट, शिलाई मशीनवर बसल्यासारखा. पेपर वाचताना, रेडिओ ऐकताना, हिच्याशी माहेरच्या गप्पा मारताना. साप्ताहिकात आलंच होतं की काही माणसं नकळत दिवसभर चुळबुळ करतात आणि त्यातच त्यांचं खाल्लेलं जळून जातं. चुळबुळ्यांना वजन चढत नाही, म्हणून.

लहानपणी मी पाय हलवला की आई म्हणायची, पाय हलवू नकोस, चांगलं दिसत नाही. मी आज्ञाधारक. आता कळलं माझं वजन कुठून आलं. संस्कारांतून आलं.

आजपासून पाय हलवणार. डावा, कारण उजव्या गुडघ्याचंच ऑपरेशन आहे.

३० जानेवारी

पाय हलवणं वाटतं तितकं सोपं नाही. हलवला की भूक लागते. हाताशी शेंगदाण्यांची बशी ठेवली, नाहीतर चक्कर यायची.

खुर्ची कुरकुरते. खालच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी वर निरोप पाठवला की आजोबांना बरं नाहीये का.

६ फेब्रुवारी

ग्रॉस सत्त्याण्णव नऊशे. मला धक्का बसला नाही, कारण प्रयोगाचा भाग आहे. टाचणीला जबरदस्तीने काट्यावर उभा केला. छप्पन्न. आला तेव्हाही छप्पन्न. सिद्धान्त सिद्ध होत चालला आहे.

शास्त्रासाठी हिलाही उभी केली. बावन्न. मागच्या वर्षी डॉक्टरांकडे सत्तावन्न होती. म्हणजे हिने काही डाएट केलं नाही, पाय हलवला नाही, आणि पाच किलो गेले. आपोआप. दिवसभर जिना वर-खाली करत असते, भाजी, औषधं, गॅसवाल्याशी भांडायला, मला खालून पेपर वर हवा म्हणून. स्वतःकडे लक्ष द्यायला वेळ नाही, तरी उतरतंय. याला म्हणतात जन्मजात नशीब. हिला म्हटलं, तुझे जीन्स चांगले आहेत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलून खाली गेली. कौतुक पचत नाही काही लोकांना.

९ फेब्रुवारी

एक तांत्रिक बाब. काटा न्हाणीघरात आहे, टॉवेलच्या दांडीला लागून. फरशी ओली. तोल जाऊ नये म्हणून दांडीला हात लावून उभा राहिलो. ग्रॉस एकदम त्र्याण्णव.

जुने दिवस आठवले. ट्रक ड्रायव्हर काय काय करायचे. एक चाक फळीच्या बाहेर ठेवायचे. रिकामी गाडी तोलताना आत दगड घालायचे आणि भरून आणताना काढायचे. एकाने तर क्लीनरला सांगून मागून गाडीला खांदा लावला होता. मी केबिनमधून बाहेर यायचो, एकदा गाडीभोवती फिरायचो, आणि नुसतं म्हणायचो, चाक आत घे, राजा. त्यांना वाटायचं या माणसाला पाठीला डोळे आहेत. मला फसवणारा ड्रायव्हर जन्माला यायचाय, असं आमचे साहेब म्हणायचे.

असो. दांडीला हात लावण्यात फसवणूक नाही. तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. माझ्या वयाच्या माणसाने ओल्या फरशीवर आधाराशिवाय उभं राहू नये.

नेट: अठ्ठ्याऐंशी सहाशे.

१५ फेब्रुवारी

चिरंजीवांचा फोन. विचारलं, बाबा, वजन किती झालं. मी म्हटलं, अठ्ठ्याऐंशी. जे आहे ते सांगितलं.

पोरगा इतका खूश झाला की मलाच भरून आलं. म्हणाला, बाबा, मानलं तुम्हाला, मला वाटलं नव्हतं. घर विकण्यासाठी एजंटशी बोलत होतो, त्याला थांबायला सांगतो. मी म्हटलं, थांबायला कशाला, नाहीच म्हण.

हिने फोन घेतला. आता ही बोलणार, असं वाटलं. पण फक्त म्हणाली, हो रे, खूप प्रयत्न करताहेत. फोन ठेवला आणि न्हाणीघरात गेली. बाहेर आली तेव्हा काट्याची जागा बदललेली. आता तो बैठकीच्या मधोमध आहे. चारी बाजूंना धरायला काही नाही.

बायकांना सामान हलवायची सवयच असते.

१६ फेब्रुवारी

बैठकीतली फरशी उताराची आहे. तिथलं वजन ग्राह्य धरता येणार नाही.

२४ फेब्रुवारी

टाचणी उद्या जातोय. फरश्या बसल्या. रात्रीच्या जेवणात त्याने तिसऱ्यांदा भात घेतला, मीही घेतला, प्रयोगाचा शेवटचा दिवस म्हणून चौथ्यांदाही घेतला.

सहज म्हटलं, तुझं बरं आहे बाबा, खा खा खातोस आणि अंगाला लागत नाही. तर म्हणतो, भाऊजी, घरी मी एकदाच जेवतो. सकाळी काहीतरी उकडून ठेवायचं, जेव्हा आठवेल तेव्हा खायचं. बायको गेल्यापासून दुसऱ्यांदा ताट वाढून घ्यावंसं वाटत नाही. इथे ताई समोर बसते म्हणून जातं दोन घास. महिनाभर तुमच्याकडे खाऊन दीड किलो वाढलोय बहुतेक, पँट लागते.

बायकोने त्याच्या ताटाकडे पाहिलं आणि उठून आत गेली. त्याच्यासाठी डबे भरत बसली.

माझा विश्वास बसला नाही. एकदा जेवणाऱ्या माणसाला सात बटाटे जाणार कसे. बारीक माणसं खाण्याच्या बाबतीत कायम खोटं बोलतात. मी चौतीस वर्षं लोकांना वजनाबद्दल खोटं बोलताना पाहिलंय. चेहऱ्यावरून कळतं.

मात्र त्याचं काट्यावरचं छप्पन्न आज पुन्हा तपासायचं राहून गेलं. त्याने प्रयोगावर परिणाम होत नाही.

२६ फेब्रुवारी

घर शांत. पाय हलवायचा मूड नाही.

१० मार्च

नवा संकल्प. चालणं. खाली उतरता येत नाही म्हणून काय झालं, गॅलरी आहे. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायच्या. शाळेच्या मधल्या सुट्टीत सुरुवात केली. गॅलरी इतकी आखूड की चालण्यापेक्षा वळणंच जास्त. गरगरायला लागलं. कठडा धरून उभा राहिलो तर मैदानातली पोरं हात हलवायला लागली. मीही हलवला. मग ती एका सुरात ओरडली, आजोबा, अजून एक फेरी.

पन्नास कंठ एकाच वेळी. काय लय होती. डोळ्यांत पाणी आलं. बसलोच खुर्चीत.

बसल्या बसल्या त्यांना हात हलवत राहिलो. हाताचाही व्यायाम होतोच.

११ मार्च

साखर कायमची बंद. चहात आता मध. मध हे औषध आहे, आणि औषध चमच्याने मोजत नाहीत, गुण येईपर्यंत घेतात.

१९ मार्च

हिच्याशी वाद. विषय: मध संपला कसा.

बोलता बोलता म्हणाली, तुम्हाला एक विचारू का, तुम्हाला खरंच हे घर सोडायचं नाहीये ना. मी म्हटलं, हे काय विचारणं झालं. या शाळेच्या आवाजावर तर मी जगतोय. म्हणाली, मग तेवढं एक करायचं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या की काही अंगं हट्टी असतात, तुमचंही हट्टी असेल, त्याला दुप्पट कष्ट पडतात, म्हणून कष्ट करायचेच नाहीत असं थोडंच असतं. आणि हे सगळं हळू आवाजात, भांडी पुसता पुसता.

‘पण’च्या पुढे बाई हे बोलत होत्या तर.

तिला म्हटलं, माझं नेट तुला माहीत नाही. म्हणाली, मला तुमचं नेट माहीत नाही, मला तुमच्या पँटा माहीत आहेत. तिन्हींना मी शिवण उसवून पट्टी लावली आहे.

कापड आटतं, हे मी तिला सांगणार होतो. पण वाद वाढवण्यात अर्थ नव्हता.

२८ मार्च

नऊ दिवस उरले. परवापासून कडक. नुसतं सूप. पूर्वतयारी म्हणून आज आणि उद्या भरपूर खाऊन घेतो, शरीराला धक्का बसू नये. लांबच्या वाटेवर निघणारा ट्रक टाकी भरूनच निघतो.

३० मार्च

सूप. सकाळी सूप, दुपारी सूप. सूप हा शब्दच किती पोकळ आहे. म्हणून त्यात पाव बुडवून खाल्ला. बुडवलेला पाव हा द्रव पदार्थच.

२ एप्रिल

बैठकीतला काटा सोफ्याखाली सरकवला. माणसाने आकड्यांच्या आहारी जाऊ नये. मला आतून हलकं वाटतंय. लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी असंच वाटायचं, आणि मी कधीच नापास झालो नाही. गणित सोडून.

६ एप्रिल, दुपार

खाली उतरण्यासाठी हिने कपाटं वाहणारे दोन हमाल बोलावले. खुर्चीत बसवून नेणार. म्हातारपणी पालखी, मनात म्हटलं, वाईट नाही.

त्यांच्यातल्या थोरल्याने विचारलं, आजोबा, वजन किती. मी नेट सांगितलं, शहाऐंशी. त्यांनी खुर्ची उचलली. दुसऱ्या मजल्यावर टेकवली. एकमेकांकडे पाहिलं. धाकटा म्हणाला, दादा, खुर्ची लोखंडाची आहे का. थोरला म्हणाला, प्लास्टिकची आहे रे. मग दोघे थोडा वेळ भिंतीला टेकून उभे राहिले. पहिल्या मजल्यावर पुन्हा. शिकवणीवाल्या बाईंची मुलं दुसऱ्या मजल्यावरून कठड्याशी रांगेने उभी राहून पाहत होती. मी त्यांच्याकडे पाहून मान हलवली. पालखीतल्या माणसाने मान हलवायची असते.

दवाखान्यातला काटा जुन्या पद्धतीचा, उभा, सरकत्या वजनाचा. पाहून बरं वाटलं. आपल्या जातीचा. सिस्टर म्हणाल्या, चढा आजोबा. मी म्हटलं, थांबा. घड्याळ काढलं. पट्टा काढला. चष्मा काढला. कवळी काढून रुमालात ठेवली, त्यामुळे पुढचं मी जे बोललो ते सिस्टरना कळलं नाही. मी विचारत होतो, या काट्याची तपासणी शेवटची कधी झाली, शिक्का कुठे आहे. त्या म्हणाल्या, काय म्हणताय, पाणी हवंय का.

चढलो. सिस्टरनी वजन सरकवलं. दांडी हलली नाही. पुढे सरकवलं. आणखी पुढे. मग शंभरचं मोठं वजन पुढच्या खाचेत टाकलं. टाकताना आवाज झाला.

एकशे एक चारशे.

मी कवळी लावली आणि डॉक्टरीणबाईंना समजावून सांगितलं. कपडे. पाणी. काल रात्रीचं आणि आज सकाळचं, जे अजून वाटेत आहे. नेट काढून दिलं. प्रयोगही सांगितला, टाचणीचे बटाटे, चुळबुळ, हिचे पाच किलो. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, अगदी शांतपणे. मग म्हणाल्या, आजोबा, तुम्ही सांगताय त्यातलं निम्मं खरं आहे. काहींचं वजन लवकर वाढतं. तुमचंही वाढतं. पण गुडघ्याला हे ऐकू येत नाही, तो सगळंच उचलतो.

यावेळी बाहेर कोणी खोकत नव्हतं.

ऑपरेशन नाही. वर्षभर तरी नाही.

परत येताना हमाल चार झाले होते.

७ एप्रिल

चिरंजीवांचा फोन. अठ्ठ्याऐंशीचे एकशे एक कसे झाले, हा त्याचा प्रश्न. ग्रॉस आणि नेट समजावून सांगितलं. मग म्हणाला, बाबा, आईला द्या.

हिने फोन घेतला, गॅलरीत नेला, दार लोटून घेतलं. बऱ्याच वेळाने आत आली. म्हणाली, बोलणं झालंय, पंधरवड्यात घर बघायला लोक येतील. मी म्हटलं, तू तरी नाही म्हणायचं होतंस. तर म्हणाली, का म्हणू. मला तळमजला चालेल. भाजी घेऊन आलं की दार. मध्ये काही नाही. आणि पुढे म्हणाली, तुम्ही कधी विचारलं नाहीत म्हणून सांगितलं नाही, माझा डावा गुडघा पावसाळ्यापासून बोलतोय.

हिचाही गुडघा. बावन्न किलो, आणि गुडघा. म्हणजे वजनाचा आणि गुडघ्याचा काही संबंध नाही. हे बाईंना कळवायला हवं.

लिहिलं खरं. पण पेन तिथेच थांबलं. हिने जिन्याने वर आणलेल्या भरल्या पिशव्या आठवल्या. नको, आज एवढंच.

८ एप्रिल

विचार केला. घाबरण्याचं कारण नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि उभा. असलं घर घेणार कोण. येतील, दुसऱ्या मजल्यावर दम लागेल, तिथूनच परत जातील. पाच-सात जण असे परत गेले की चिरंजीव कंटाळतील. दरम्यान मी वजन उतरवतो. या वेळी शास्त्रशुद्ध. सोमवारपासून.

सुदैव असं की आपल्यासारखी जड माणसं तर वरपर्यंत पोहोचणारच नाहीत. निम्मी गिऱ्हाईकं तिथेच बाद.

मन शांत झालं. सायीचं भांडं रिकामं करून ठेवलं.

९ एप्रिल, सकाळ

ही बाजारात गेलेली. मी खुर्चीत. जिन्यातून शीळ ऐकू आली. गोड, सलग, कुठे न तुटणारी. वाटलं, शिकवणीचा एखादा मुलगा असेल. शीळ पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर आली, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि आमच्या दारापाशी थांबली. बेल वाजली.

भिंत धरत धरत गेलो. दार उघडलं.

दारात माणूस. चौकट भरून. माझी नजर चौतीस वर्षांची, चुकत नाही. सव्वाशे किलो, सहज. साठीच्या पुढचा. कपाळावर घाम नाही, छाती हलत नाही. नमस्कार करून म्हणाला, माफ करा हं, न कळवता आलो. घर विकायचंय असं कळलं. एजंट आहे बरोबर, पण तो पहिल्या मजल्यावर बसलाय, त्याला दम लागलाय. सडपातळ आहे बिचारा.

तो जिन्याकडे वळून कौतुकाने पाहत होता, जसा माणूस विकत घ्यायच्या घोड्याकडे पाहतो. म्हणाला, झकास चढ आहे. आमच्या घराण्यात सगळे असेच, नुसत्या हवेवर वाढतो आम्ही. डॉक्टरांनी सांगितलं, तुमचं कमी होणार नाही फारसं, पण जिने चढत राहा, पाय शाबूत राहतील. वीस वर्षं चढतोय. आता आमच्या इमारतीत लिफ्ट बसवली. बायको म्हणाली, तुम्ही तीत शिरणार, मी ओळखते तुम्हाला. म्हणून ते घरच सोडतोय.

मग माझ्या खांद्यावरून आत डोकावत, जरा काळजीने, त्याने विचारलं, इथे पुढेमागे लिफ्ट होणार नाही ना, नक्की.

मी म्हटलं, नाही.

तो म्हणाला, मग येऊ का आत.